हात सुटल्यानंतरचं वर्ष

कोशित्से, १४ सप्टेंबर

वाव्रो,

हाताने पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. डॉक्टरांनी मला अजून मोबाईल बघायला बंदी केली आहे. टीव्ही नाही, कॉम्प्युटर नाही, फार वाचायचंही नाही. माझा मोबाईल आई एप्रनच्या खिशात घेऊन फिरते. आणि तो हातात असता तरी काय उपयोग? तू माझा नंबर बंद केला आहेस. ती भाजी आणायला गेली तेव्हा बघून झालं माझं. हा पत्ता तिनेच दिला. देताना "भांडू नकोस हं त्याच्याशी" असं इतक्यांदा म्हणाली, की तिलाही मी भांडावंसं वाटत असणार.

मी हॉस्पिटलमधून घरी आले तर तुझं कपाट रिकामं. बाबा म्हणाले, "ऑस्ट्रियात काम मिळालं त्याला. डोंगरावर, रोपवेवर. चांगलं काम आहे." उद्या दुपारनंतर ढगाळ राहील, असं सांगावं त्या आवाजात. गेलास ते गेलास, निदान उशाशी येऊन सांगायचं होतं. मी झोपले होते? मग उठवायचं.

मला पडल्याचं काही आठवत नाही. सांगतात ते एवढंच, की सरावात तू मला खांद्यावर उचललंस, हात सुटला, मी डोक्यावर पडले, खोक पडली, टाके घातले. झालं. बर्फावर नाचणाऱ्यांनी पडायचं नाही तर काय गादीवर लोळायचं? ओतिलिया बाईंचा जबडा तरुणपणी मोडला होता, तरी आज आपल्याला शिकवताना, ओरडताना तो कुठे अडतो का?

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बर्फावर बोलावलं आहे, नुसतं फिरायला. मी विचारलं, "आणि जोडीदार?" तर म्हणाल्या, "जोडीदार झाडाला लागत नाहीत, बाळ. या गावात मुलगा चालायला लागला की आईबाप त्याच्या हातात हॉकीची काठी देतात."

तुझ्याही हातात दिलीच होती. तू दहा वर्षांचा होतास, मी आठ. बाईंनी तुला हॉकीच्या रांगेतून मानगूट धरून बाहेर काढलं होतं, "हा सरळ उभा राहतो, हा मला द्या" म्हणत. बाबा कितीतरी दिवस जेवताना बोलले नाहीत. आपला मुलगा, आणि चमकीचा शर्ट! मग आपण पहिलं बक्षीस आणलं आणि तोच शर्ट ते कारखान्यात सगळ्यांना फोटोत दाखवत फिरले.

आणि तो टँगो आठवतो? बाई ओरडतायत, "एकमेकांच्या डोळ्यांत बघा! तुमचं प्रेम आहे!" आणि तू ओठ न हलवता म्हणतोस, "हिने सकाळी माझं दही खाल्लंय." शेवटी तू युक्ती काढलीस, डोळ्यांत नाही, भुवईत बघायचं. लोकांना वाटायचं काय ही ओढ, काय ही नजर. नऊ वर्षं मी तुझी डावी भुवई बघत नाचले.

तर आता माझ्या समोर भुवई नाही, एवढंच कळवायचं होतं.

ब्लांका


कोशित्से, २ नोव्हेंबर

वाव्रो,

उत्तर नाही. ठीक.

काल सर्व संतांचा दिवस, आजोबांच्या कबरीवर दिवे लावून आलो. सगळं गाव तिथे होतं आणि सगळं गाव विचारत होतं, "वाव्रिनेत्स नाही आला?" आईचं उत्तर पाठ झालंय, "रजा नाही मिळाली." तुझ्या वाटणीचा दिवा मी लावला. वाऱ्याने तो सारखा विझत होता. तुझ्यासारखाच, दोन मिनिटं धड राहत नव्हता.

बाई मला एकटीला पूर्ण नाच करायला लावतात. हात पुढे करून, जणू समोर कोणी आहे. तू मला उचलायचास ती उचलीची जागा आली की मी नुसती सरळ घसरत जाते आणि संगीत वाया जातं. सकाळी आमच्यानंतर हॉकीवाल्यांची वेळ असते. ते कठड्याशी उभे राहून बघतात. परवा तो लाल केसांचा बचावपटू ओरडला, "काय गं ब्लांका, नवरा पळाला वाटतं?"

मी म्हटलं, "नवरा नाही, भाऊ. आणि पळाला नाही, तुझे केस बघून त्याला वाटलं हॉलला आग लागली."

सगळे हसले. तोही हसला. मग मी बूट काढायला आत गेले आणि तिथे बराच वेळ बसून राहिले. ते सोड.

तू काय करतोस दिवसभर? आई म्हणते लोकांना रोपवेच्या खुर्चीत बसवतोस, पुढची दांडी खाली ओढतोस आणि नीट बसलीय का बघतोस. लहान मुलांना स्वतः उचलून बसवतोस म्हणे. म्हणजे उचलायचं काम तुला चालतं. फक्त मला नको.

ब्लांका


कोशित्से, २६ डिसेंबर

वाव्रो,

तुझं कार्ड मिळालं. पुढे बर्फाचा डोंगर आणि मागे एक ओळ, "डोकं अजून दुखतं का?" ना सही, ना नाताळच्या शुभेच्छा. मी ते पलटून पलटून पाहिलं, वाटलं कोपऱ्यात आणखी काही असेल.

नाही दुखत.

परवा, नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईने नेहमीसारखं एक जास्तीचं ताट मांडलं, वाटसरूसाठी. दरवर्षी ते रिकामंच राहतं, त्याच्याकडे कोणी बघतही नाही. यंदा तिघंही तिकडेच बघत होतो. कोबीचं सूप झालं, मासा झाला, बाबांनी नाताळच्या त्या पापडीसारख्या पातळ वेफरवर मध लावून आधी आईला दिला, मग मला, आणि मग सवयीने तिसरा उचलला. हातात धरून बसले. "ठेवा त्या ताटात," आई म्हणाली. त्यांनी ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, "माशात काटे फार आहेत यंदा," आणि डोळे पुसले. काटा लागला की डोळ्यांतून पाणी येतं, हे मला नवीनच.

तू फोन केलास तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते. आईने दोनदा विचारलं, "तिला देऊ?" आणि दोन्ही वेळा तुझा आवाज थांबला. मी तोंड धुवायला निघून गेले, म्हणजे तुला नाही म्हणावं लागू नये.

नवीन वर्ष सुखाचं जावो. बघ, असं लिहितात कार्डावर.

ब्लांका


कोशित्से, २० फेब्रुवारी

वाव्रो,

बातमी आहे. बसून वाच.

बाईंनी मला एक मुलगा शोधला. हंगेरियन. नाव बर्नाबाश, मिश्कोल्ट्सचा, आगगाडीने ये-जा करता येईल इतका जवळ. त्याची जोडीदारीण लग्न करून गेली. तो उंच आहे, कान मोठे आहेत आणि सतत खात असतो. त्याला स्लोव्हाक येत नाही, मला हंगेरियन येत नाही, दोघांनाही इंग्रजी शाळेपुरतं येतं. म्हणून आम्ही फक्त आकडे बोलतो. तो हंगेरियनमध्ये एक-दोन-तीन म्हणतो, मी आपल्या भाषेत चार-पाच-सहा. बाई म्हणतात, "भांडणं होणार नाहीत. आदर्श जोडी."

घरी मात्र झालं. मी जेवताना सांगितलं आणि बाबांचा चमचा थांबला.

"हंगेरियन?"

"हो."

"आणि खेळणार कुणाकडून? माझ्या पोरीच्या पाठीवर त्यांचा झेंडा?"

आई शांतपणे म्हणाली, "माझी आजी घरात कुठली भाषा बोलायची हो? आपल्या लग्नात तिच्या हातची मटणाची कढई तुम्ही एकट्याने संपवलीत, तेव्हा नाही विचारलंत झेंडा कुठला."

"कढईचं वेगळं आहे."

"कढईचंच खरं आहे."

मग मी सांगितलं की आपल्याकडून खेळणार. त्यांच्याकडे आणखी दोन चांगल्या जोड्या आहेत, तिथे आमचा नंबर कधी लागायचा नाही. आपल्याकडे एकही नाही. म्हणजे बर्नाबाश आपला झेंडा पाठीवर घेणार. बाबांनी चमचा पुन्हा उचलला आणि म्हणाले, "मुलगा समजूतदार दिसतो." पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याला ब्रिन्झा चीज घातलेले हालुश्की, बटाट्याचे ते छोटे गोळे, बाबांनी तीनदा वाढले. तिसऱ्यांदा त्याने पोटावर हात ठेवून कळवळून आकडा म्हटला, सात. म्हणजे आठवर जीव जाईल.

वाव्रो, तो चांगला मुलगा आहे. पावलं स्वच्छ आहेत. पण त्याचा तळवा रुंद आहे आणि तो माझा हात मनगटाकडून पकडतो, तू बोटांकडून पकडायचास. पहिले काही दिवस प्रत्येक वेळी माझा हात तुझ्या जागी जात होता आणि तिथे कोणी नव्हतं.

उचली अजून सुरू केल्या नाहीत. मीच म्हटलं, घाई नको.

ब्लांका


कोशित्से, ११ जून

वाव्रो,

हे पत्र लांबणार आहे. पाण्याचा ग्लास घेऊन बस.

गेल्या गुरुवारी बर्नाबाशच्या हातून मी पडले. घाबरू नकोस, मांडीवर पडले. मांडी वांग्यासारखी जांभळी झाली आहे, बाकी काही नाही. नवीन उचल होती. तो गुडघे वाकवून घसरतो आणि मी त्याच्या मांडीवर पाय देऊन खांद्यावरून मागे झुकते. त्याच्या बुटाची पाती अडकली, तो डगमगला आणि मी खाली.

मी उठले. खरंच लगेच उठले, कपडे झटकले, म्हटलं, "पाच! सहा! चल परत!" मागे वळून बघते तर तो नाही. तो कठड्यापाशी ओणवा होऊन ओकत होता. हा एवढा धिप्पाड मुलगा! मी जवळ गेले तर त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले. लहान मुलं काही फोडल्यावर लपवतात ना, तसे. आणि त्याच्या भाषेत काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आकडे नव्हते.

मी तिथे उभी होते आणि मला तू दिसलास.

मी इतके महिने हाच हिशेब धरून बसले होते की पडले मी, टाके मला, बंदी मला, आणि रुसून निघून गेलास तू. पडणाऱ्याला नुसतं पडायचं असतं, वाव्रो. क्षणभराचं काम. ज्याच्या हातातून पडलं त्याचं काय होतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण माझ्या वेळी माझे डोळे मिटलेले होते.

बर्नाबाशला घरी पाठवलं आणि मी बाईंना धरलं. म्हटलं, आता सांगा, त्या दिवशी काय झालं. त्या आधी टाळत होत्या. मग त्यांनी सांगितलं. तू स्ट्रेचर येईपर्यंत थांबला नाहीस, मला उचलून तूच बर्फाबाहेर आणलंस, आणि आडवी ठेव म्हणून लोक ओरडले तरी तुझे हात सुटेनात. एकेक बोट सोडवावं लागलं. नंतर सगळे हॉस्पिटलमध्ये पोचले आणि तू पाती लावलेल्या बुटांतच टॅक्सीतून उतरलास.

पुढचं बाईंना माहीत नव्हतं. ते आईकडून काढलं. ती कणीक मळत होती. मी विचारलं, "तो हॉस्पिटलमध्ये आला होता?" तिचे हात थांबले.

"रोज रात्री तिथेच होता," ती म्हणाली.

"मग मी जागी झाल्यावर का नाही आला?"

"आला होता, ब्लांका. तू जागी झालीस तेव्हा आम्ही दोघंही समोर होतो. तू मला ओळखलंस. 'आई, तहान लागली,' म्हणालीस. मग त्याच्याकडे बघितलंस आणि विचारलंस, 'हा मुलगा कोण?'"

मी म्हटलं, शक्य नाही.

"दोन दिवस तेच. तो आत आला की तू माझ्यामागे सरकायचीस. डॉक्टर म्हणाले, सूज उतरली की आठवेल. तिसऱ्या दिवशी आठवलंच तुला, 'वाव्रो कुठाय' म्हणून तूच विचारलंस. पण तो तोपर्यंत बॅग भरून निघून गेला होता. जाताना मला म्हणाला, 'तिला यातलं काही सांगू नकोस.' मी नाही सांगितलं. चुकले का गं?"

मी तिला कणकेच्या हातांसकट मिठी मारली.

वाव्रो. मी तुला विचारलं, हा मुलगा कोण. आणि तुला ते खरं वाटलं. नऊ वर्षं ज्याच्या भुवईत बघत होते तो मुलगा. ते मी विचारलं नाही रे, माझ्या सुजलेल्या डोक्याने विचारलं. तिसऱ्या दिवशी मी तुलाच शोधत होते. तू एक दिवस आणखी थांबायला हवं होतंस. नाही, हे पुन्हा भांडण झालं. खोडत नाही, राहू दे.

आणि तू कार्डावर जे विचारलं होतंस, त्याचं खरं उत्तर असं, की दुखायचं. मार्चपर्यंत दुखायचं, मुख्यतः सकाळी, हॉलचे दिवे लागले की. एप्रिलपासून नाही. हे खरं आहे. डॉक्टरांना विचार, त्यांनी तुझा नंबर बंद केलेला नाही.

बर्नाबाश दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मी मिश्कोल्ट्सची गाडी पकडली, त्याच्या घरी गेले आणि त्याच्या आईच्या देखत त्याचे दोन्ही हात ओढून माझ्या कमरेवर ठेवले. त्याच्या आईला भलतंच वाटलं असणार. पण तो रडायला लागला आणि मग हसायला. आज त्याने मला पुन्हा उचललं, जमिनीवर, गादी अंथरून. मी वर असताना त्याला सांगत होते, आपल्या भाषेत, त्याला न कळणाऱ्या, "मी तुला ओळखते. मी तुला ओळखते."

कुणाला सांगत होते ते तुला कळलंच असेल.

ब्लांका


कोशित्से, ३० जून

वाव्रो,

काल फोनवर आपण दोघं मिळून फार तर चार वाक्यं बोललो असू. बाकी सगळा वेळ तुझ्या मागे ती खुर्च्यांची यंत्रं घरघरत होती आणि माझ्या मागे आई भांडी आपटत होती, आपण ऐकत नाही असं दाखवायला. मला तेवढं पुरलं.

माझा नंबर उघडलास त्याबद्दल आभार. तरी मी पत्रंच लिहीन. फोनवर मला तुझं गप्प राहणं ऐकू येतं आणि मी भरभरून काहीतरी मूर्खासारखं बोलते.

नोव्हेंबरच्या शेवटी इथे आपल्याच हॉलमध्ये स्पर्धा आहे. परदेशी जोड्या येतील. ठरावीक गुण मिळाले तर जानेवारीत युरोपच्या स्पर्धेला जाता येईल. नाही मिळाले तर बर्नाबाशचे वडील म्हणतात, त्याने टायरच्या दुकानात बसावं. ये असं मी म्हणत नाही. तिथे बर्फ पडायच्या आधी तुम्हा लोकांना सुट्टी असते, असं आईने कुठूनतरी शोधून काढलंय, एवढंच.

ब्लांका


कोशित्से, ३ डिसेंबर

वाव्रो,

तू बसमध्ये चढून खिडकीतून काहीतरी विचारलंस, मी ओरडून सांगितलं, तेवढ्यात बस हलली. तुला ऐकू आलं नाही हे तुझ्या तोंडावरून दिसत होतं. म्हणून हे पत्र. पण आधी माझ्या बाजूने काय झालं ते ऐक, कारण तुझ्या बाजूचं तू सांगितलं नाहीस. ते मला बाबांकडून कळलं.

बर्फावर गेल्यावर मी सगळ्यात आधी तुला शोधलं. बाबांच्या शेजारी बसला होतास, दाढी वाढवून, कुणा अनोळखी माणसाचा कोट घातल्यासारखा. संगीत सुरू झालं. सुरुवातीची पावलं चांगली गेली. गिरक्यांमध्ये बर्नाबाश जरा मागे राहिला, मग सावरला. आणि आमची मोठी उचल यायच्या आधी आम्ही तुमच्या बाजूने वळतो, तेव्हा मी पाहिलं, तर तुझी खुर्ची रिकामी.

खोटं कशाला बोलू? वाटलं, पुन्हा गेला. पण बर्नाबाशचा हात मनगटावर आला होता, तो "हारोम" म्हणाला, म्हणजे तीन, आणि तीनला मी वर जातेच. गेले. वर किती शांत असतं हे तुला मी कधी सांगितलंय का? खालून तुम्हाला सगळा भार लागतो. वर नुसता वारा असतो आणि दिवे. मग खाली आले. दोन्ही पाती बर्फाला लागली, एकदम, आवाजही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी कठड्यावर मूठ आपटली, ती अजून सुजलेली आहे.

आठ जोड्यांत सहावे आलो. पण गुण मिळाले, थोडक्यात, पण मिळाले. बर्नाबाशने मला इतकं आवळलं की माझ्या बरगड्या पुन्हा मोजायला हव्यात.

बाबांनी नंतर सांगितलं. संगीत संथ झालं तसा तू उठलास. त्यांना वाटलं बाथरूमला. पण ते उचल बघायच्या ऐवजी तुझ्या मागे आले, हे तुला माहीत होतं? जे दहा मिनिटांच्या मध्यंतरातसुद्धा जागा सोडत नाहीत ते. तू भाड्याच्या बुटांच्या खिडकीपाशी, भिंतीकडे तोंड करून उभा होतास. दोन्ही तळवे भिंतीला टेकवलेले, आणि ओठ हलत होते. तू आकडे मोजत होतास. उचल तू कधी पाहिली नव्हतीस, पण बाईंच्या उचली कितव्या ठोक्याला सुरू होतात आणि कितव्याला उतरतात ते तुझ्या अंगात आहे. टाळ्या झाल्या तसा तू भिंतीला पाठ लावून खाली बसलास. बाबाही तुझ्या शेजारी फरशीवर बसले. "काही बोललात का?" मी विचारलं. म्हणाले, "मी त्याला पेपरमिंट दिलं."

मग मी आले, बुटांच्या पात्यांवर कव्हरं न घालताच धावत. तू वर पाहिलंस.

"उतरलीस?" तू विचारलंस.

"उतरले."

"नीट?"

"नीट."

तू माझं डोकं दोन्ही हातांत धरलंस आणि ती जुनी जागा अंगठ्याने चाचपून पाहिलीस, केस बाजूला करून, भर वर्दळीत. एक बाई बूट परत करायला आली होती, ती बिचारी बाजूला थांबून राहिली. मला एक वर्षाचं सगळं भांडण तिथे काढायचं होतं. पाठ केलं होतं. एकही शब्द आठवला नाही.

आता तू बसमधून जे विचारलंस त्याचं उत्तर. जानेवारीतली आमची स्पर्धा शनिवारी दुपारी आहे. तिकीट बाबा काढतायत, आईला खिडकीजवळची जागा हवी आहे, आणि बर्नाबाशच्या आईने सगळ्यांसाठी डबा करायचं ठरवलंय, त्यामुळे तू उपाशी ये.

मोठी उचल नाचाच्या मध्यावर आहे, व्हायोलिन एकटं वाजायला लागतं तेव्हा. तेव्हा बाहेर जाऊन उभा राहिलास तरी चालेल. खरंच चालेल, कुणी काही म्हणणार नाही.

फक्त दार थोडं उघडं ठेव.

ब्लांका